खेळकर अक्षराची शिस्त

गोलमटोल, डुलणारी, हाताने काढल्यासारखी अक्षरे दिसली की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. पहिली अशी की हे पोरासोरांचे काम आहे. बालवाडीची पाटी, वाढदिवसाचा केक, कुल्फीची गाडी, एवढाच त्याचा उपयोग. दुसरी प्रतिक्रिया हळहळीची असते. पूर्वी पेंटर अशी अक्षरे काढायचे, कॉम्प्युटर आला आणि सगळे संपले, असे म्हणून माणसे सुस्कारा टाकतात. कोल्हापुरात ही हळहळ जास्त ऐकू येते, कारण इथे पेंटर पुष्कळ होते आणि हात असलेले होते.

मला ही दोन्ही मते उथळ वाटतात. दोघांच्या मुळाशी एकच समजूत आहे: अक्षराचा सांगाडा वेगळा असतो आणि खेळकरपणा त्याच्यावर नंतर चढवायचा असतो. एकाला तो चढवलेला भाग फालतू वाटतो, दुसऱ्याला तो हरवल्याचे दुःख होते. माझे म्हणणे असे की खेळकरपणा अक्षराच्या बांधणीतच असतो. म्हणून शीर्षकाचे खेळकर अक्षर मजकुराच्या साध्या अक्षरापेक्षा अधिक कडक शिस्त मागते. ही शिस्त ओळखली नाही, तर रस्त्यावरची मराठी आज दिसते तशीच विस्कटलेली राहील, मग आपण भाषेचा कितीही अभिमान मिरवला तरी. हे टप्प्याने मांडतो.

१. खेळ बांधणीत असतो

‘मोदक’ हा फॉन्ट घेऊ. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो केला, ‘एक टाइप’ या संस्थेने तो आणला आणि गूगल फॉन्ट्सवर तो कुणालाही मोफत मिळतो. देवनागरीत इतके जाड अक्षर क्वचितच कुणी काढले असेल. गणपतीच्या दिवसांतल्या जाहिराती, मिठाईचे डबे, मुलांची पुस्तके यांवर तो आपण पाहिलेला असतो, नाव माहीत नसले तरी. बघणाऱ्याला तो गुबगुबीत आणि हसरा वाटतो. काढणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ते एक अवघड गणित आहे.

जाड अक्षर म्हणजे काळा रंग वाढवणे असे सर्वांना वाटते. पण अक्षर ओळखता येते ते काळ्याने वेढलेल्या पांढऱ्यामुळे. ‘व’चे पोट भरून टाकले की ‘व’ संपला. ‘ब’ आणि ‘व’ यांच्यात फरक फक्त पोटातल्या तिरक्या रेघेचा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ एकमेकांपासून वेगळे राहतात ते शिरोरेषेतल्या एका खिंडीमुळे आणि एखाद्या गाठीमुळे. अक्षर जितके फुगवाल तितक्या या खिंडी बुजतात. रोमनमध्ये हा प्रश्न सव्वीस अक्षरांचा, मोठी-लहान धरून बावन्नचा. देवनागरीत बाराखड्या आहेत, जोडाक्षरे आहेत, वर मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. एका फॉन्टसाठी शेकड्यांनी आकृत्या काढाव्या लागतात, आणि प्रत्येकीत हीच लढाई नव्याने लढावी लागते. ‘मोदक’मध्ये पोटातली पांढरी जागा जवळजवळ मिटवून तिथे एक बारीक रेघ तेवढी ठेवली आहे. ती रेघ कुठे वळेल, कुठे तुटेल, किती आत शिरेल, यावर अक्षर वाचता येणे अवलंबून. ती थोडी चुकली तर अक्षराचा गोळा होतो.

आता आपल्या गावाचे नाव असे जाड काढून पाहा. ‘कोल्हापूर’मध्ये चार उभे दंड आहेत: ‘क’चा, ‘को’च्या कान्याचा, ‘ल्हा’च्या कान्याचा आणि ‘प’चा. म्हणजे शब्दाला एक ठेका आपोआप मिळतो. पण पहिले दोन दंड जवळजवळ येतात, मग ‘ल्ह’चा मोठा वळणदार प्रदेश लागतो, मग पुन्हा दंड, आणि शेवटी ‘र’ एकटाच पाय पसरून उभा. ‘क’च्या डाव्या पोटाला जागा हवी, उजव्या वळणाला हवी, आणि लगेच काना. ‘ल्ह’मध्ये ‘ल’ अर्धा करायचा, तरी त्याच्या दोन्ही पाकळ्या शाबूत ठेवायच्या, त्याला ‘ह’चे खालचे शेपूट चिकटू द्यायचे नाही. ‘पू’चा दीर्घ उकार खाली किती उतरवायचा आणि किती फुगवायचा, हे ‘ह’च्या शेपटाकडे पाहून ठरते. इतके सगळे सांभाळून वर शब्द हसरा दिसायला हवा. जो हे करतो त्याला देवनागरीचा सांगाडा मजकुराचे अक्षर काढणाऱ्याइतका तरी माहीत असावाच लागतो. मी तर म्हणेन, जास्तच. मजकुराच्या अक्षरात रूढ प्रमाणे मदतीला असतात. इथे प्रमाणे मोडायची आणि अक्षर मोडू द्यायचे नाही.

खेळात नियम असतात हे कोल्हापूरकराला निराळे सांगायला नको. तालमीतला डाव बघणाऱ्याला चपळ आणि सहज वाटतो. त्याच्यामागे माती, जोर आणि बैठका असतात. खेळकर अक्षराची सहजता त्याच जातीची आहे.

२. मराठीत मोकळे अक्षर शीर्षकातच वाढले

दुसरी गोष्ट इतिहासाची. शीर्षकाचे रंगीबेरंगी अक्षर म्हणजे अक्षरकलेतली आडवाट, असे आपण धरून चालतो. मराठीच्या बाबतीत मला उलटे दिसते.

शिशाच्या खिळ्यांनी छापायला सुरुवात झाली तेव्हा देवनागरी यंत्राला सहज मानवली नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने (स्थापना १८६९) अक्षरे अत्यंत देखणी ओतली, यात वाद नाही. पण खिळा म्हणजे चौकोनी धातू. वरची मात्रा, खालचा उकार आणि जोडाक्षर त्या चौकोनात बसवण्यासाठी अक्षराचे तुकडे पाडावे लागले, खिळेजुळाऱ्यासमोर शेकडो खणांची पेटी ठेवावी लागली. पुढे टाइपरायटर आला, लायनोटाइप आला, आणि यंत्राच्या सोयीसाठी लिपीच सुधारावी अशा चळवळी झाल्या. या सगळ्या काळात मजकुराचे अक्षर यंत्राच्या ताब्यात होते. शीर्षकाचे तसे नव्हते. मोठ्या आकाराचे वैविध्यपूर्ण खिळे छापखान्यांजवळ फारसे नव्हते, म्हणून मासिकाचे नाव, पुस्तकाचे मुखपृष्ठ, नाटकाची जाहिरात हाताने काढून तिचा ब्लॉक करून छापली जाई. तुटवड्यातून एक मोकळीक निघाली. मराठी अक्षर यंत्राबाहेर कसे चालते, कसे धावते, कसे रुसते, याचे शोध शीर्षकात लागले.

कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षके काढली ती या मोकळिकीत. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींच्या पानावर प्रत्येक नाटकाचे नाव वेगळ्या आवाजात बोलायचे. ऐतिहासिक नाटकाचे अक्षर वेगळे, फार्सचे वेगळे, आणि तरी प्रत्येक अक्षर पहिल्या नजरेत वाचता येणारे. २०२० साली ते गेले. मराठी घरांत त्यांची अक्षरे इतकी ओळखीची होती की ती कुणीतरी काढलेली आहेत हेही पुष्कळांच्या लक्षात आले नसेल.

र. कृ. जोशी यांचे उदाहरण तर या मुद्द्याचा पुरावाच आहे. विंडोजमध्ये आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांचा. वीस-पंचवीस वर्षे सरकारी पत्रांपासून परीक्षेच्या सूचनांपर्यंत सगळीकडे दिसलेले ते शांत, सरळ अक्षर ज्याने काढले तो माणूस सुलेखनकार होता, कवी होता, अक्षरांना कागदभर उधळून त्यांची चित्रे करणारा होता. साधे अक्षर त्याला जमले, कारण खेळकर अक्षरात लिपीच्या सगळ्या शक्यता त्याने चाचपलेल्या होत्या.

कोल्हापुरात हीच धारा चित्रपटातून आली. बाबूराव पेंटर यांचे आडनाव मेस्त्री. लोकांनी त्यांना धंद्याचे नाव दिले. नाटकांचे पडदे रंगवणारा हा माणूस ‘सैरंध्री’ (१९२०) घेऊन चित्रपटात उतरला आणि जाहिरातही त्याने चित्रकाराच्या हातात ठेवली. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चे १९२४चे पोस्टर देशात टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या सचित्र चित्रपट-पोस्टरांत गणले जाते. १९२९ साली इथेच प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, १९३३ला पुण्याला गेली; भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ इथे राहिला. शिवाजी महाराजांचे सर्वमान्य चित्र काढणारे जी. कांबळे हेही सिनेमाची पोस्टरे रंगवत. म्हणजे या गावात थोर चित्रकार आणि बोर्ड रंगवणारा यांच्यात भिंत नव्हती. ब्रश एकच, रंगाचा डबा तेवढा वेगळा. पेठेतला पेंटर तालमीची पाटी रंगवायचा तेव्हा त्याच्या मागे ही सगळी उठबस होती.

३. फ्लेक्सने नेमके काय मारले

आता हळहळीकडे येऊ. फ्लेक्स आला आणि हाताचे अक्षर गेले, हे खरे. पण काय गेले ते नीट सांगितले पाहिजे, नाहीतर आपण चुकीच्या गोष्टीवर रडतो.

पेंटरसमोर दहा फुटांची पाटी आणि पाच अक्षरांचे नाव आले तर तो काय करायचा? अक्षरे रुंद काढायचा. पण रुंद काढताना पोटातली पांढरी जागा वाढवायचा, रेघेची जाडी तीच ठेवायचा. नाव लांब आणि पाटी आखूड असेल तर पोटे आवळायचा, जोडाक्षर एकावर एक बसवायचा, वेलांटी शेजारच्या अक्षरावरून नेऊन जागा वाचवायचा. जागा आणि शब्द यांचा निकाल प्रत्येक वेळी नव्याने लागायचा.

फ्लेक्सच्या दुकानात हाच प्रश्न माउसने सुटतो. अक्षराचा कोपरा धरून ओढले की शब्द पाटीभर होतो. पण आडवे ओढताना उभे दंड जाड होतात आणि शिरोरेषा होती तेवढीच राहते. उभे ओढले की शिरोरेषा जाडजूड आणि दंड काडीसारखे. अक्षराची सगळी प्रमाणे एका झटक्यात बिघडतात. ते झाकायला मग पिवळी कड, त्याबाहेर लाल कड, मागे सावली, पोटात सोनेरी चकाकी. वर्षानुवर्षे तीच ती पाच-सहा अक्षरवळणे, आपापल्या कोडवर चालणाऱ्या जुन्या डीटीपी फॉन्टांची. वाढदिवसाचा फलक, निवडणुकीचा, मिसळीचा, पैलवानाच्या सत्काराचा, सगळे एकाच आवाजात ओरडतात.

म्हणून माझे निदान वेगळे आहे. कॉम्प्युटरने हात मारला असे म्हणताना आपण निवड मेल्याचे विसरतो. हाताचे अक्षर गेले यापेक्षा वाईट हे झाले की जागा, शब्द आणि आवाज यांचा विचार करणारा माणूस मधून निघून गेला. खुद्द तंत्राला याचा दोष देता येत नाही. ‘एक टाइप’चाच ‘अनेक’ हा फॉन्ट २०२२ साली आला. त्यात जाडी आणि रुंदी दोन्ही हवी तशी बदलता येतात, आणि रुंदी बदलली तरी रेघ बिघडत नाही, कारण अरुंद आणि रुंद अक्षरे मुळातच वेगवेगळी काढून ठेवली आहेत. पेंटर जे हाताने करायचा तेच हे आहे. अशी अक्षरे मोफत मिळत असताना आपण अजून कोपरा धरून ओढतो, तर दोष आपल्या नजरेचा.

कायदाही इथे पुरा पडत नाही. दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात यासाठी मार्च २०२२ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, लहान दुकानेही त्यात आणली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान असू नये असे सांगितले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या बदलल्या, आणि मला त्याचा आनंद आहे. पण कायद्याला अक्षराची उंची मोजता येते, त्याची बांधणी मोजता येत नाही. परिणाम असा की कित्येक पाट्यांवर रोमन नाव कुशल हाताने घडवलेले असते आणि त्याच्या वर मराठी नाव कसेबसे ताणून बसवलेले. उंचीला बरोबर, दिसायला आश्रित. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. आपल्या रस्त्यावर ती तशी दिसावी ही अपेक्षा अवाजवी नाही.

४. ‘पण फॉन्ट म्हणजे साचाच ना?’

पहिला मोठा आक्षेप हा. हाताने काढलेला प्रत्येक ‘ल’ वेगळा असतो, फॉन्टमधला प्रत्येक ‘ल’ तोच. मग हाताने काढल्यासारखा दिसणारा फॉन्ट हा हाताचा आभास विकतो, असे म्हटले जाते.

आक्षेपात तथ्य आहे. ‘कलकलाट’ हा शब्द अशा फॉन्टात लिहिला आणि दोन्ही ‘ल’ एकसारखे डुलले तर सोंग उघडे पडते. पण याला उत्तर आहे आणि ते कारागिरीचे आहे: एकाच अक्षराची दोन-तीन रूपे फॉन्टमध्ये ठेवायची आणि तेच अक्षर जवळपास पुन्हा आले की दुसरे रूप आपोआप बसेल अशी सोय करायची. आजचे तंत्र हे सहज करते. काम मात्र दुप्पट-तिप्पट होते.

याहून महत्त्वाचे उत्तर असे की चांगला खेळकर फॉन्ट हाताची नक्कल करत नाही, हाताने लावलेला शोध पुढे नेतो. कॅथरिन ली श्मिट यांनी केलेला ‘यात्रा वन’ पाहा. मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो आला. त्यात रोमन अक्षरेही देवनागरीच्या रेघेप्रमाणे काढली आहेत. एरवी देवनागरीला रोमनच्या मापात कोंबायची सवय, इथे उलटे झाले. स्थानकाच्या पाटीवर ब्रश फिरवणाऱ्या अनाम रंगाऱ्यांनी जी रेघ घडवली ती आता जगात कुठेही, कुणालाही वापरता येते. याला आभास म्हणायला माझे मन तयार नाही.

पोटापाण्याचा आक्षेप मात्र खरा आहे. फॉन्टने पेंटरच्या घरी चूल पेटत नाही. हनीफ कुरेशी यांनी ‘हँडपेंटेड टाइप’ नावाचा उपक्रम चालवला. देशभरातल्या पेंटरांकडून अक्षरे काढून घ्यायची, त्यांचे फॉन्ट करायचे, फॉन्टला त्या पेंटरचेच नाव द्यायचे आणि विक्रीतला वाटा त्याला द्यायचा. कुरेशी २०२४ साली अकाली गेले. त्यांची रीत सगळ्या पेंटरांना पुरेल असे मी म्हणत नाही. श्रेय आणि मोबदला देण्याची प्रामाणिक वाट असू शकते एवढे तिने दाखवले. श्रेयाचेच बघा: जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलांच्या पायांत कोल्हापुरी घाटाची पायताणे दिसली आणि आपण सगळे खवळून उठलो, बरोबरच उठलो. चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, ती कुणाची हे जगाला सांगता आले. चपलेच्या दुकानावरची पाटी कुणी रंगवली हे आपल्याच गावात कुणी विचारत नाही.

५. कुठे शोभते, कुठे नाही

खेळकर अक्षर सगळीकडे चालते असे माझे म्हणणे समजू नये. ज्याला शिस्त आहे त्याला मर्यादाही असते.

कॉमिक सॅन्स या रोमन फॉन्टची जगभर चेष्टा होते. तो १९९४ मध्ये व्हिन्सेंट कॉनेअर यांनी मायक्रोसॉफ्टसाठी काढला, कारण एका प्रोग्रामात कार्टूनमधला कुत्रा टाइम्स न्यू रोमनमध्ये बोलताना त्यांना विजोड वाटला. म्हणजे त्याचा जन्मच औचित्याच्या जाणिवेतून झाला. पुढे लोकांनी तो नोटिशींना, समाधीच्या दगडांना लावला. ४ जुलै २०१२ रोजी सर्न प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉनसारखा कण सापडल्याचे जाहीर झाले तेव्हा पडद्यावरची अक्षरे कॉमिक सॅन्समध्ये होती, आणि शोधाइतकीच चर्चा अक्षराची झाली. अक्षर तेच होते, जागा बदलली होती.

आपल्याकडे ही गफलत रोज दिसते. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ फुगीर, चकाकणाऱ्या अक्षरांत लिहिलेली मी पाहतो तेव्हा मला खरोखर वाईट वाटते. गेलेल्या माणसाचा फोटो, खाली त्याच्या लोकांची नावे, आणि वर लग्नाच्या वरातीचे अक्षर. त्या कुटुंबाचा काही दोष नाही. त्यांना तेवढेच अक्षर दाखवले गेले. तसेच पुराच्या सूचनांचे. २०१९ आणि २०२१चा पूर पाहिलेल्या गावाला पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे सांगणारा फलक लांबून, पावसात, अंधुक उजेडात एका नजरेत वाचता आला पाहिजे. तिथे डुलणारे अक्षर नको. औषधाच्या चिठ्ठीवर नको, न्यायालयाच्या फलकावर नको, रस्त्याच्या दिशादर्शकावर नको.

पण जिथे शब्दच उसळी मारून येतो तिथे सरळ अक्षर खोटे पडते. ‘नाद खुळा’ हे ‘मंगल’मध्ये लिहून पाहा, जप्तीची नोटीस वाटेल. ‘चांगभलं’ गुलालाखाली येणारा शब्द आहे, त्याच्या अक्षरात गुलालाची उधळण हवी. शाहू स्टेडियमवर फुटबॉल सामन्याच्या दिवशी फडकणारे पेठांचे झेंडे, पाटाकडील आणि दिलबहार तालमींची नावे, रिक्षाच्या पाठीवरची ओळ, भडंगाची पिशवी, गुळाची ढेप बांधलेल्या कापडावरचा शिक्का, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या खाणावळीची पाटी, मुलांच्या गोष्टीचे पुस्तक, गावातल्या नाट्यस्पर्धेचे पत्रक: या जागांवर खेळकर अक्षर हेच गंभीर उत्तर आहे. इथे गंभीर म्हणजे अर्थाला धरून असलेले.

आणखी एक जागा मला फार महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल कमी बोलले जाते: नवसाक्षर आणि वाचायला बिचकणारी मुले. छापील मजकुराचे अक्षर त्यांना परक्यासारखे दिसते. हाताने काढल्यासारख्या मोठ्या अक्षरात रेघ कुठून निघाली, कुठे वळली हे दिसते, आणि बघणाऱ्याचा हात मनातल्या मनात ती गिरवतो. अशा वेळी अक्षर खेळकर असूनही प्रामाणिक लागते: ‘ख’चा ‘रव’ होता कामा नये, ‘थ’ आणि ‘य’ची गल्लत होता कामा नये.

६. दोन छोटे आक्षेप

‘असली अक्षरे वाचता येत नाहीत.’ चार पाने मजकूर त्यांत लिहिला तर नक्कीच येत नाही. ती तीन-चार शब्दांसाठी काढलेली असतात. तीन-चार शब्दही वाचता येत नसतील तर तो फॉन्ट वाईट आहे, जात वाईट नाही.

‘मग आहेत की मोफत फॉन्ट, नवीन कशाला?’ ‘मोदक’ आहे, ‘बालू’ आहे. ‘बालू’ने तर एकच गुबगुबीत स्वभाव नऊ-दहा लिप्यांत नेला, आणि तमिळमध्ये ‘थंबी’, मल्याळममध्ये ‘चेट्टन’, बंगालीत ‘दा’, गुजरातीत ‘भाई’ अशी नावे घेतली. मला त्या कामाचे मोल आहे. पण एकाच आवाजात साऱ्या महाराष्ट्राने बोलावे अशी सक्ती आपण बोलीवर करत नाही, मग अक्षरावर का करावी? शिवाय पुष्कळ देवनागरी फॉन्ट हिंदीची वळणे धरून असतात. ‘ल’ आणि ‘श’ची मराठी रूपे ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने प्रमाण ठरली; तरी पाट्यांवर ती सर्रास गायब असतात. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, आणि आजही कित्येक सजावटी फॉन्टांत तिथे रिकामा चौकोन उमटतो. ‘कऱ्हाड’ लिहायला गेले की ‘र’चा अर्धचंद्र तुटतो. मराठी शहराच्या पाटीला असा फॉन्ट चालत नाही.

७. कोल्हापूरने काय करावे

या शहरात कलानिकेतन आहे, दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आहे. दरवर्षी तिथून हात तयार होऊन बाहेर पडतात. जुन्या पेठांत अजून काही पाट्या, तालमींच्या कमानी, दुकानांच्या फळ्या, रिक्षांच्या पाठी हाताच्या अक्षरात उरल्या आहेत. दरवर्षी त्यांतल्या काही रंगाच्या नव्या थराखाली जातात, काही फ्लेक्समागे. आधी त्यांचे नीट फोटो घ्यावेत: समोरून, मापासह, पाटी कुठली, कुणी रंगवली, केव्हा, हे जितके सांगता येईल तितके नोंदवून. जे पेंटर आज हयात आहेत त्यांना वर्गात बोलवावे आणि पूर्ण वर्णमाला, बाराखडी, जोडाक्षरे त्यांच्या हातून काढून घ्यावीत, मानधन देऊन.

त्यातून एक फॉन्ट करावा. त्याला ‘कोल्हापूर’, ‘पन्हाळा’, ‘गडहिंग्लज’, ‘इचलकरंजी’, ‘शिरोळ’, ‘कऱ्हाड’ हे शब्द पहिल्या दिवशी बिनचूक लिहिता आले पाहिजेत. मराठी ‘ल’ आणि ‘श’ न मागता आले पाहिजेत. अरुंद आणि रुंद रूपे असावीत, म्हणजे कुणी कोपरा धरून ओढणार नाही. तो युनिकोडमध्ये असावा, खुल्या परवान्याने मोफत असावा, आणि ज्यांच्या हातावरून तो आला त्या पेंटरांची नावे, त्यांच्या संमतीने, फॉन्टच्या आत आणि बाहेर लिहिलेली असावीत. फ्लेक्सच्या दुकानांत तो पोहोचवण्यासाठी विद्यार्थ्यांनीच पेनड्राइव्ह घेऊन फिरावे. अक्षर बदलते ते तिथे.

ज्यांच्या घराच्या किंवा दुकानाच्या भिंतीवर हाताने रंगवलेली जुनी पाटी आहे त्यांना एवढीच विनंती: ती पुसण्याआधी तिचा एक स्वच्छ फोटो काढून ठेवा आणि रंगवणाऱ्याचे नाव आठवत असेल तर फोटोच्या मागे लिहून ठेवा.